देवमासा पाहण्याची तयारी

देवमासे दिसले, हे आरंभीच सांगून टाकतो. न दिसते तर परतल्यावर आप्तेष्टांनी जी कीव केली असती तिच्यातून आम्ही सुटलो, इतकेच त्याचे महत्त्व. या लेखाचा विषय देवमासे नव्हेत. ते पाहण्यास निघण्यापूर्वी घरात जे आठ-नऊ दिवस गेले त्यांविषयी लिहायचे आहे, आणि ते लिहिताना स्वतःची बाजू फारशी राखता येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे हा कागद दोन वेळा बाजूला सारूनही झाला आहे.

२०२४च्या जून महिन्यात आम्ही उभयता चिरंजिवांकडे बोस्टनला होतो. मुलाकडे अमेरिकेत जाणे ही बडोद्यातील मराठी घरांत आता सांगण्यासारखी गोष्ट राहिलेली नाही. उन्हाळ्यात दांडिया बाजाराच्या आमच्या गल्लीत शेजाऱ्यांपेक्षा कुलुपेच अधिक भेटतात. एका संध्याकाळी चिरंजीव कामावरून आले आणि म्हणाले, "बाबा, या वेळी समुद्रात जाऊ. व्हेल बघायला. बावीस तारखेचा शनिवार आहे. पाच तिकिटं काढतो."

आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवले. "तुझ्या आईला बोट झेपायची नाही," आम्ही म्हणालो. "मागच्या वर्षी तिला चक्कर येऊन पडायची वेळ आली होती, विसरलास का? तुम्ही तिघं जाऊन या. मी थांबतो तिच्याजवळ."

हे आम्ही इतक्या सहज आणि इतक्या सौजन्याने बोलून गेलो की आमचे आम्हांसच कौतुक वाटले. सूनबाई तर गहिवरल्या. "बाबा आईंची किती काळजी घेतात," असे त्या रात्री फोनवर आपल्या आईला सांगत असल्याचे आमच्या कानी आले. सौ. त्या वेळी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिने काही म्हटले नाही. तिला कोणी विचारलेही नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. आमची नात नऊ वर्षांची. रविवारच्या मराठी शाळेत जाते आणि जे शिकते त्याचा उपयोग आमच्यावर करते. तिने एक मोठा कागद घेऊन शीतकपाटाच्या दारावर लोहचुंबकांनी लावला आणि त्यावर प्रत्येकाचे नाव घालून खाली कामे लिहिली. 'बाबा : तीकीट, गाडी, दुर्बीण.' 'आई : कपडे, औशध.' 'मी : माहीती.' 'आजोबा : आजीजवळ बसणे.' आणि शेवटी, 'आजी : डबा.' ऱ्हस्व-दीर्घ तपासण्याची आमची जुनी खोड. लाल पेन्सिलीने चार दुरुस्त्या केल्या. त्या कागदावर दुरुस्त करण्यासारखे आणखी काही आहे असे तेव्हा आमच्या मनात आले नाही.

'माहिती' या सदराखाली नातीने आमची शिकवणीच सुरू केली. पहिल्याच दिवशी वाद झाला. आम्ही 'देवमासा' म्हणालो, तर ती म्हणे, "आजोबा, तो मासा नाही. तो श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो." आम्ही सांगितले, संस्कृतात त्याला तिमि म्हणत, आणि तिमीला गिळणाऱ्यास तिमिंगिल. यावर तिचे उत्तर असे की त्या लोकांनीही तो जवळून पाहिला नसणार. मग आम्ही गुजरातेत शिरलो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एक प्रचंड मासा येतो. कोळी पूर्वी तेलासाठी त्याची शिकार करीत. २००१ साली कायद्याने त्याला संरक्षण मिळाले, आणि २००४मध्ये मोरारीबापूंनी 'व्हाली', म्हणजे लाडकी लेक, असे त्याचे नाव करून सांगितले की ही मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे, तिला मारू नका. ज्यांनी जन्मभर शिकार केली त्यांनीच मग जाळी कापून तिला सोडण्यास आरंभ केला. नात हे सगळे लक्षपूर्वक ऐकून म्हणाली, "ती व्हेल शार्क. ती मासाच आहे." म्हणजे जो मासा आहे त्याला आम्ही लेक म्हटले आणि जो मासा नाही त्याला मासा. यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तिच्याकडून जे कळले ते मात्र खरोखर ऐकण्यासारखे होते. बोस्टनच्या पूर्वेस, केप ॲन आणि केप कॉड या दोन भूशिरांच्या मध्ये, समुद्राच्या तळाशी वाळू-खड्यांचे एक पठार आहे. हिमयुगातील बर्फाच्या थरांनी ते मागे टाकले. १८५४ साली अमेरिकन नौदलातील हेन्री स्टेलवॅगन या अधिकाऱ्याने त्याची मोजणी केली, म्हणून त्याला स्टेलवॅगनचे नाव. भोवतीचे खोल पाणी त्या पठाराच्या कडेला थडकून वर चढते, तळातले पोषण उजेडात आणते, आणि मग तिथे इवल्याइवल्या जिवांची आणि त्यांच्यावर जगणाऱ्या मासळीची दाटी होते. वाळूत दडून बसणारी एक लांबट बारीक मासळी आहे, तिच्यासाठी हम्पबॅक जातीचे देवमासे दर उन्हाळ्यात येतात. लांबी बारा ते पंधरा मीटर, वजन पंचवीस-तीस टन, आणि खाणे ते असे बोटभर. दात नाहीत. वरच्या जबड्याला झालर असते, तिच्यातून पाणी गाळून टाकायचे आणि मासळी आत ठेवायची, आमच्याकडे गाळणीतून चहा गाळतात तसे. कधी ते मासळीच्या थव्याभोवती खालून बुडबुड्यांचे कडे सोडतात. मासळी त्याला जाळे समजून मध्ये गोळा होते, आणि मग हे तोंड उघडून वर येतात. हिवाळ्यात ते कॅरिबियन समुद्रात जातात, तिथे पिल्ले होतात, आणि त्या मुक्कामात मोठी जनावरे जवळजवळ उपाशी असतात. १९९२पासून हा सगळा भाग अभयारण्य आहे. याच किनाऱ्यावरच्या नँटकेट आणि न्यू बेडफर्ड या गावांची श्रीमंती एके काळी देवमाशाच्या तेलावर उभी होती. माणसे तेव्हाही नावेत बसून त्यांच्या शोधात जात, पण हातात भाला असे.

शेपटीच्या खालच्या बाजूस प्रत्येकाची काळी-पांढरी नक्षी वेगळी असते, आणि तिच्यावरून त्यांना ओळखतात, नावेही ठेवतात. त्यांत 'सॉल्ट' नावाची एक मादी आहे. पाठीच्या कल्ल्यावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके, म्हणून ते नाव. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून, म्हणजे आमच्या लग्नाच्याही आधीपासून, तिच्या येण्याजाण्याची नोंद आहे, लेकी-नातवंडांचीही आहे. सौ. पोळी लाटता लाटता हे ऐकत होती. "मीठ!" ती म्हणाली. "म्हणजे आजीच की ती." एवढे बोलून ती पुन्हा पोळीकडे वळली.

नातीने आणखी एक सांगितले. आपल्या अरबी समुद्रातही हम्पबॅक आहेत. मोजकेच. परंतु ते कुठे जात नाहीत. हिवाळा-उन्हाळा त्याच समुद्रात राहतात, आणि इतर जातभाईंपासून त्यांचा वंश सुमारे सत्तर हजार वर्षे वेगळा पडला आहे. आम्हां बडोदेकर मराठ्यांस, गायकवाडांच्या मागोमाग आलो ते तिथलेच झालो असे अभिमानाने सांगणाऱ्यांस, हे सगोत्र निघाले म्हणून बरे वाटले. सौ.ला मात्र यात बरे वाटण्यासारखे काय ते कळले नाही.

कपड्यांची तयारी आठवडाभर चालली. जमिनीवर उकाडा असला तरी तिथल्या समुद्रावर वारा बोचतो, म्हणून एकावर एक घालता येतील असे कपडे हवेत. सूनबाईंनी तीन माणसांचे तीन ढीग केले, आत सुती, मग स्वेटर, वरून वारा अडवणारे जाकीट. बूट रबरी तळव्याचे, कारण बोटीचा पृष्ठभाग ओला असतो. तिकिटाबरोबर आलेल्या सूचनेत बाहेरचे खाणे बोटीवर चालणार नाही असे होते; तरीही सौ.ने दशम्या केल्या, तिखटामिठाच्या पुऱ्या केल्या, बडोद्याहून नेलेला लीलो चेवडो पुड्यांत बांधला. "उतरल्यावर पोरीला भूक लागेल," म्हणाली. आलेपाकाच्या वड्याही थापल्या, कारण मळमळीवर आले चांगले. जायचे नव्हते तिने, आणि सर्वांत अधिक राबत होती तीच.

आम्हीही स्वस्थ नव्हतो. बोटकंपनीच्या कचेरीत आम्ही तीनदा फोन केला. बोटीला किती माणसांचा परवाना आहे? प्रत्यक्षात किती घेता? जाकिटे किती? लहान मुलांच्या मापाची आहेत का? अंगात घालायला लावता का? तिकडची बाई शांतपणे उत्तरे देत होती. तटरक्षक दलाची तपासणी होते, परवान्यावर आकडा असतो, तो चौकटीत लावलेला असतो, जाकिटे सगळ्यांना पुरून उरतील इतकी असतात, परंतु प्रवासात घालावी लागत नाहीत. हे शेवटचे ऐकून आम्हांस घाम फुटला. चिरंजीव हसले. "बाबा, तुम्ही तर येणारही नाही, मग एवढी चौकशी कशाला?"

आता ज्यांचे आयुष्य बडोद्यात गेले त्यांना ही चौकशी कशाला ते सांगायला नको. आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत, तेव्हा पाण्यात उतरण्याची सवय आम्हांस नाहीच. पण बोलायचे आहे ते मगरींविषयी नाही. १९९३च्या पावसाळ्यात सूरसागरात फेरीची नाव उलटली आणि वीसहून अधिक माणसे गेली. गावाच्या ऐन मध्यात, जिथे आपण संध्याकाळी शेंगा खात काठावर बसतो तिथे. आणि मग २०२४च्या १८ जानेवारीला हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका. नावेत क्षमतेहून अधिक जण बसवलेले, आणि जाकिटे सगळ्यांच्या अंगावर नव्हती. त्या रात्री आमच्या गल्लीत कोणी दूरदर्शनसंच बंद केला नाही आणि कोणी एकमेकांशी बोललेही नाही. त्यानंतर पाच महिन्यांत आम्ही बोस्टनला होतो, आणि घरात त्याच वयाच्या आसपासची नात दारावर 'बोट' असे लिहीत होती.

शुक्रवारी वटपौर्णिमा होती. वडाची फांदी तिथे कुठून आणणार? नातीने खडूंनी कागदावर वड काढला, पारंब्या जरा जास्तच काढल्या, आणि सौ.ने त्याला सूत गुंडाळून पूजा केली. उपास होता. संध्याकाळी सूनबाई बोट लागू नये म्हणून गोळ्यांचे खोके घेऊन आल्या, मेक्लिझिनचे. तिकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळते. आमच्या पिढीची अवोमिन होती, ही तिची धाकटी जाऊ म्हणायची. आम्ही चष्मा लावून खोक्यामागचा बारीक मजकूर वाचू लागलो. उद्देश साधा होता. चक्कर येणाऱ्याने बोटीत बसू नये असे तिथे कुठे तरी छापलेले असणार, ते मोठ्याने वाचून दाखवावे.

आम्ही वाचले. गोळी कशावर, तर मळमळ, उलटी आणि चक्कर यांवर. म्हणजे सौ.चा विकार नेमका 'उपयोग' या सदराखाली निघाला. मग 'पुढील व्यक्तींनी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये' अशी यादी होती. श्वासाचा जुना विकार असणारे. काचबिंदू असणारे. आणि प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे लघवीस त्रास होणारे. आम्ही इथे थांबलो. नात आमच्या खांद्यावरून वाचत होती. "आजोबा, प्रोस्टेट म्हणजे काय? ते कोणाला आहे?"

"तुझ्या आजोबांना," सौ. म्हणाली. मग हात पुसत बाहेर आली आणि आमच्या समोर बसली. "माझी चक्कर डॉक्टरांनी मान वळवून एका दिवसात घालवली. कानातले खडे जागेवर बसवले म्हणाले. वर्ष झालं त्याला. त्यानंतर मी दोनदा विमानात बसले, गेल्या दिवाळीत माळ्यावर चढून भांडी काढली. तेव्हा कोणी माझ्याजवळ थांबलं नव्हतं."

खोलीत कोणी बोलेना. चिरंजीव म्हणाले, "आई, तुला यायचं होतं?"

"मला कोणी विचारलं?"

सौ.चे माहेर मालवणकडचे, खाडीच्या काठी. शाळा पलीकडच्या तीरावर. रोज सकाळी तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, जायचे आणि दुपारी परतायचे. पावसात खाडी तांबडी झाली म्हणजे नावाडी मुलींना खाली बसवून वर ताडपत्री धरी. मुंबईला जायचे तर आगबोटीने. पंचेचाळीस वर्षे ती बडोद्यात आहे, आणि समुद्र हा शब्द या काळात तिने फारसा काढला नाही. आमच्या घरात त्याचे कोणाला काही नव्हते, हे त्याचे कारण असावे. "रामदास बोट बुडाली १९४७ साली," ती म्हणाली. "रेवसला जाताना. सहाशेंच्यावर माणसं गेली. आमच्या आजोबांना त्याच वर्षी पाऊस सरल्यावर मुंबईला जायचं होतं. बोटीनेच गेले. दुसरा रस्ता नव्हता म्हणून गेले, आणि भीती वाटते असं घरात सांगून गेले. आजी म्हणायची, देवासमोर बसून रडले आणि मग बोचकं उचललं." मग आमच्याकडे वळून, अगदी शांतपणे, "अहो, तुम्हाला भीती वाटत असेल तर तसं म्हणा. माझ्या नावावर कशाला घालता?"

या लेखात इथवर 'आम्ही' म्हणत आलो, ही लिहिण्याची जुनी रीत आहे. परंतु त्या पहिल्या संध्याकाळी "ती येणार नाही" असे जे ठरवले त्या 'आम्ही'मध्ये ती नव्हती. एकच माणूस होता, आणि तो तिच्या चक्करेमागे लपला होता.

मुले निजल्यावर आम्ही तिला १९९३ची गोष्ट सांगितली. सूरसागरची नाव उलटली त्याच्या थोडेच दिवस आधी, एका रविवारी, आठ वर्षांच्या चिरंजिवांना घेऊन आम्ही त्या तलावात फेरी मारली होती. नावेत माणसे जास्त होती. ते दिसत होते. काठ पाण्याला टेकायला आला होता. उतरावे असे मनात आले, पण चारचौघांत भित्रे कसे दिसायचे, आणि पोराने हट्ट धरलेला, म्हणून बसून राहिलो. फेरी सुखरूप झाली. पुढे बातमी आली तेव्हा आम्ही कचेरीत होतो. घरी येऊन हे कधी बोललो नाही. एकतीस वर्षे बोललो नाही. त्या नावेत बसलो याची भीती नंतर कमी झाली असती कदाचित. दिसत असूनही उतरलो नाही, ते काही कमी होत नाही.

सौ. ऐकत होती. सुताची गुंडी तिच्या हातात तशीच होती. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्याने त्याच रात्री सांगितलं होतं. म्हणाला, बाबांनी माझा हात एवढा दाबून धरला होता की दुखला." थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून मी विचारलं नाही. मग विचारायचं राहूनच गेलं."

रात्री अकराला चिरंजिवांनी आणखी दोन तिकिटे मिळतात का ते पाहिले. मिळाली. सकाळी उठलो तो दारावरच्या कागदावर नातीने 'आजी' खालचा 'डबा' शब्द खोडून 'खिडकी' असे लिहिले होते. बोटीला खिडकीपेक्षा कठडा बरा, असे सौ.ने तिला समजावून सांगितले. 'आजोबा' खालचे 'आजीजवळ बसणे' मात्र तसेच ठेवले होते.

सौ.ने सलवार-कमीज घातला, वर सूनबाईंचे जाकीट, डोक्याला नातीची जांभळी कानटोपी. निघताना तिने आम्हांस तालीमच दिली. रात्री जड जेवायचे नव्हतेच, सकाळी रिकाम्या पोटीही राहायचे नाही. बोटीच्या मधल्या भागात बसायचे, तिथे हेलकावा कमी. पुस्तकात किंवा फोनमध्ये मान घालायची नाही, क्षितिजाकडे पाहायचे. हे सगळे कंपनीच्या सूचनेतही होते. पण ती सूचनेतले सांगत नव्हती, खाडीतले सांगत होती.

धक्का मत्स्यालयाच्या शेजारी आहे. रांग लांब होती. फळीच्या तोंडाशी एक तरुण उभा होता, त्याच्या हातात एक लहानसे यंत्र होते, आणि प्रत्येक माणूस आत गेला की तो ते अंगठ्याने दाबी. टिक. टिक. कडेवरच्या तान्ह्या मुलासाठीही त्याने दाबले. आमच्या वेळी दाबले तेव्हा आम्ही थांबून त्याच्याकडे पाहिले. त्याला वाटले आम्हांस काही विचारायचे आहे. विचारायचे काही नव्हते. हरणीच्या काठावर असा एक माणूस असता, एवढेच मनात आले.

आत जाताच आम्ही चौकट शोधली. जिन्याजवळच्या भिंतीवर परवाना होता, त्यावर आकडा होता. आम्ही तो वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग जाकिटे कुठे ठेवली आहेत त्याची पाटी वाचली, लहान मुलांची कुठे तेही पाहिले. चिरंजीव मागे येऊन उभे राहिले. आठव्या वर्षी त्यांच्या हाताला काय झाले होते ते त्यांना आठवते की नाही, आम्ही विचारले नाही. त्यांनी आमच्या हाताला धरले आणि म्हणाले, "बाबा, मोजून झालं का?"

इंजिन सुरू झाले तसा पायाखालचा पृष्ठभाग थरथरला. सौ. आणि नात कठड्यापाशी होत्या. कानटोपी केव्हाच मागे सरकली होती. "अहो, इकडे या, जागा धरलीय," तिने हाक मारली. आम्ही एक हात कठड्यावर, एक हात चिरंजिवांच्या मनगटावर ठेवून तिच्यापर्यंत पोहोचलो. तिने पर्स उघडून आलेपाकाची वडी काढली आणि आमच्या तळहातावर ठेवली.

"चघळा. लगेच गिळू नका."

दोर सुटले.